आधी वहीत, मग लॅपटॉपवर

गेल्या अंकात मी ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सबद्दल लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताऱ्याचा प्रकाश अवकाशातून अगदी सपाट येतो आणि शेवटच्या वीसेक किलोमीटरच्या हवेत त्याच्या वेव्हफ्रंटला, म्हणजे प्रकाशलाटेच्या पुढच्या पृष्ठभागाला, सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या मोजायच्या आणि नेमका त्यांच्या उलट वाकणारा आरसा प्रकाशाच्या वाटेत ठेवायचा, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. आज मोठ्या दुर्बिणींवर हे काम सेकंदाला शेकडो वेळा चालतं. उदाहरणादाखल मी एक यंत्रणा दिली होती: ८ मीटरची दुर्बीण, सुरकुत्या मोजणारा १६ बाय १६ घरांचा सेन्सर, सेकंदाला ५०० दुरुस्त्या. अशी यंत्रणा बांधण्याआधी ती संगणकात चालवून पाहतात, असंही शेवटी लिहिलं होतं. बहुतेक पत्रं त्याच वाक्यावर आली आहेत.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरावर रात्री आभाळ एवढं काळं अन् स्वच्छ दिसतं, मग मोठी दुर्बीण इथं का बांधत नाहीत? औंढ्याला काहीतरी मोठं केंद्र होतंय म्हणतात, ती दुर्बीणच आहे का?
— एक शेतकरी वाचक, केज

दादा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. औंढा नागनाथला होणारं केंद्र म्हणजे लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथं ४ किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझर खेळवून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. त्याला आभाळ स्वच्छ असण्याशी देणंघेणं नाही, जमीन शांत हवी.

प्रकाशाच्या दुर्बिणीचं उलट आहे. तिला काळं आभाळ लागतंच, पण त्याहून जास्त लागते ती न थरथरणारी हवा. मे महिन्यात दुपारी नांगरलेल्या रानावर हवा हलताना दिसते, पलीकडचं झाड लवतं. रात्रीही तेच चालू असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. दिवसभर तापलेली काळी माती आणि बेसाल्टचा खडक रात्रभर उष्णता सोडत राहतात आणि वरची हवा ढवळली जाते. आपला डोंगर काही शे मीटरच उंच आहे, त्यामुळं हा ढवळलेला थर डोक्यावरच राहतो. लडाखमधलं हानले ४५०० मीटरवर आहे, उत्तराखंडातलं देवस्थळ सुमारे २४५० मीटरवर, आणि ज्या आर्माझोनेस डोंगरावर युरोपची ३९ मीटरची दुर्बीण उभी राहते आहे तो ३०४६ मीटर उंच, तोही चिलीच्या वाळवंटात. आपल्याकडं पावसाळ्याचे चार महिने तर हातचे जातात ते वेगळेच. तरी शाळांच्या आणि हौशी दुर्बिणींसाठी बालाघाट फार चांगला आहे, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन.

मला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचं सिम्युलेशन करायचं आहे. माझ्याकडं ८ जीबीचा साधा लॅपटॉप आहे. कॉलेजात सगळे म्हणतात की हे मोठ्या संस्थांचं काम, आपल्याला नाही जमायचं. मॅडम, खरंच नाही का जमणार?
— विद्यार्थिनी, लातूर

जमेल. तुझ्या लॅपटॉपवर जमेल आणि चांगलं जमेल. एकच अट घालते: कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी उत्तर वहीत काढायचं. संगणकातून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला तुझ्याकडं दुसरं काही नाही.

गेल्या अंकातलंच उदाहरण घे. सीइंग १ आर्कसेकंद धर, म्हणजे हवेमुळं तारा तेवढा फुगलेला दिसतो. यातून फ्रीड यांचा मापांक निघतो, आपण त्याला आर-नॉट म्हणू. जेवढ्या रुंदीपर्यंत वेव्हफ्रंट जवळपास सपाट धरता येतो, तेवढी ही लांबी. ०.९८ गुणिले तरंगलांबी, भागिले सीइंग, असं केलंस की ५०० नॅनोमीटरला ती १० सेंटिमीटर येते. तरंगलांबी वाढली की आर-नॉट १.२ घातानं वाढतो, म्हणून २.२ मायक्रॉनच्या के-बँडमध्ये तोच ६० सेंटिमीटर होतो. हा ६ पट फरक नीट पचव. मोठ्या दुर्बिणींवरचं हे तंत्र आधी अवरक्तात का रुजलं याचं उत्तर त्यातच आहे.

आता काहीच दुरुस्ती केली नाही तर वेव्हफ्रंट किती बिघडलेला असेल? व्यास भागिले आर-नॉट, त्याचा ५/३ घात, गुणिले १.०३. आपल्या ८ मीटरसाठी के-बँडमध्ये हे ७७ रेडियन-वर्ग होतं, म्हणजे फेजमधल्या (लाट किती पुढं-मागं आहे त्यातल्या) फरकाच्या वर्गाची ही सरासरी. नुसता तिरपेपणा काढून टाकला, म्हणजे तारा एका जागी स्थिर ठेवला, तर १.०३ च्या जागी ०.१३४ येतं आणि उरतात १०. हे गुणांक नोल यांच्या १९७६ च्या निबंधातले आहेत, आणि आज जगभर कुणीही नवं सिम्युलेशन लिहिलं की पहिल्यांदा ते याच आकड्यांवर घासून बघतात.

मग दुरुस्ती चालू कर. आरशाचे ॲक्च्युएटर, म्हणजे त्याला मागून ढकलणारे दट्टे, ५० सेंटिमीटर अंतरावर आहेत, त्यामुळं त्याहून बारीक सुरकुत्या त्याला पुसता येत नाहीत. ही फिटिंगची चूक: ०.२८ गुणिले, ५० भागिले ६० चा ५/३ घात. उत्तर ०.२०७. दुसरी चूक उशिराची. मोजणं, गणित करणं आणि आरसा हलवणं यात दोन फ्रेम जातात असं धर, म्हणजे ४ मिलिसेकंद. वारा सेकंदाला १० मीटर असेल तर हवेचा संगतिकाल, म्हणजे ती जवळपास तशीच राहते तो वेळ, ०.३१४ गुणिले आर-नॉट भागिले वारा, म्हणजे साधारण १९ मिलिसेकंद. ४ भागिले १९ चा ५/३ घात, ०.०७६. दोन्ही मिळून ०.२८३. आता स्ट्रेल गुणोत्तर काढ, म्हणजे आपल्या प्रतिमेचा शेंडा आदर्श प्रतिमेच्या किती उंच आहे ते. मारेशाल यांच्या अंदाजानं ते ई चा उणे ०.२८३ वा घात, ०.७५. सेन्सरलाही बारीक सुरकुत्या चुकीच्या दिसतात, त्याचा वाटा धरला की ०.७ च्या आसपास. हीच यंत्रणा ५०० नॅनोमीटरला लावलीस तर नुसती फिटिंगची चूकच ४ रेडियन-वर्ग होते, आणि तिथं तर मारेशालचा अंदाजही टिकत नाही. आरसा तोच, हवा तीच, फक्त प्रकाशाचा रंग बदलला.

इथवर एक पान भरलं. आता लॅपटॉप उघड.

पहिलं काम फेज स्क्रीन, म्हणजे हवेच्या एका थराचा नकाशा. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये प्रक्षुब्ध प्रवाहाचा जो नियम दिला त्यातून वर्णपट घ्यायचा, त्याला यादृच्छिक आकड्यांनी गुणायचं आणि फूरिए रूपांतर करायचं. पायथॉनमध्ये हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे. पण या पद्धतीत एक खोट असते. स्क्रीनच्या आकारापेक्षा मोठ्या लाटा तिच्यात येतच नाहीत, आणि हवेच्या गोंधळातली बहुतेक ताकद त्या मोठ्या लाटांतच असते. म्हणून स्क्रीन तयार झाली की लगेच तपास. आर-नॉट एवढ्या अंतरावरचे दोन बिंदू घे, त्यांच्या फेजमधल्या फरकाचा वर्ग कर, पुष्कळ जोड्यांची सरासरी काढ. ती ६.८८ आली पाहिजे. अंतर वाढवत गेलीस की तुझा आलेख सिद्धांताच्या रेषेखाली वाकताना दिसेल. तो सरळ करायला सबहार्मोनिक्स, म्हणजे स्क्रीनपेक्षा लांब लाटा, वरून घालायचे असतात. लेन आणि सहकाऱ्यांची १९९२ ची रीत अजून चालते. ही तपासणी करताना आउटर स्केल, म्हणजे हवेतल्या सर्वांत मोठ्या भोवऱ्यांची लांबी, अनंत ठेव. २५ मीटरसारखा खरा आकडा घातलास तर तिरपेपणा कमी होतो आणि नोलचे आकडे जुळणार नाहीत.

हवा वाहती करणं सोपं आहे. टेलर यांच्या गृहीतकाप्रमाणं नकाशा न बदलता वाऱ्याच्या वेगानं नुसता पुढं सरकतो. आपल्या उदाहरणात दर फ्रेमला २ सेंटिमीटर. तुझा एक ठिपका याहून मोठा असणार, म्हणून दोन ठिपक्यांच्या मधल्या किमती इंटरपोलेशननं काढाव्या लागतील, आणि त्यात बारीक सुरकुत्या गुळगुळीत होतात. तिकडं लक्ष ठेव.

मग शॅक-हार्टमन सेन्सर, म्हणजे छोट्या भिंगांच्या घरांतून प्रत्येक ठिकाणचा वेव्हफ्रंटचा उतार मोजणारा. प्रत्येक घरात ८ बाय ८ ठिपके धरलेस तर दुर्बिणीचं तोंड १२८ ठिपक्यांचं होतं, ठिपका ६.२५ सेंटिमीटरचा. के-बँडसाठी हे भरपूर आहे, दृश्य प्रकाशासाठी जेमतेम. वर्तुळात बसणारी घरं सुमारे २०० आणि प्रत्येकाचे दोन उतार, असे ४०० आकडे. आरशाचा एकेक ॲक्च्युएटर ढकलून सेन्सर काय सांगतो ते नोंदवत गेलीस की इंटरॅक्शन मॅट्रिक्स तयार होते. तिचा व्यस्त काढताना एसव्हीडी (मॅट्रिक्सचे सुटे भाग करण्याची रीत) वापर आणि फार लहान सिंग्युलर किमती सोडून दे, नाहीतर गोंगाट आरशात शिरतो. शेवटी साधा इंटिग्रेटर, म्हणजे दर फ्रेमला उरलेल्या चुकीचा काही भाग आधीच्या दुरुस्तीत मिळवत जायचा; तो भाग म्हणजे गेन, तो ०.३ पासून सुरू कर.

५ सेकंदांचं निरीक्षण म्हणजे २५०० पायऱ्या. तुझ्या लॅपटॉपला हे मिनिटांचं काम आहे. रात्री वीज जाते तेव्हा अडचण नको म्हणून दर ५०० पायऱ्यांनी फाइल साठव.

तयार पॅकेजंही आहेत. 'सोपी' आणि 'एचसीआयपाय' दोन्ही पायथॉनमध्ये आणि फुकट. मॅटलॅब असेल तर 'ओओमाओ'. पण पहिली आवृत्ती स्वतः लिही, असा माझा आग्रह आहे. पॅकेज चुकीचं चालवलं तरी सुंदर चित्र देतं, आणि मग चूक कुठं आहे हे शोधायला कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही.

मी गेल्या अंकातलं उदाहरण कोडमध्ये उतरवलं, १ आर्कसेकंद सीइंग आणि १० मीटरच्या वाऱ्यानं. वेव्हफ्रंट १७ बाय १७ ठिपक्यांचा, आरसाही १७ बाय १७ ॲक्च्युएटरचा, एका फ्रेमचा उशीर. के-बँडमध्ये स्ट्रेल ०.९७ येतोय! यावर पेपर लिहू का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

अजून नको. पण तू सगळे आकडे दिलेस हे फार चांगलं केलंस, त्यामुळंच उत्तर देता येतंय.

वर लातूरच्या मैत्रिणीला सांगितलेलं गणित पाहा. नुसत्या फिटिंगमुळंच स्ट्रेल ०.८१ च्या वर जायला नको. तुझी फिटिंगची चूक गेली कुठं? तुझ्या वेव्हफ्रंटमध्ये प्रत्येक ॲक्च्युएटरमागं एकच ठिपका आहे. म्हणजे ॲक्च्युएटरच्या मधली बारीक सुरकुती तुझ्या हवेत जन्मालाच आली नाही. जे आरशाला जमत नाही ते तू हवेतूनच वगळलंस. मग उरला उशीर: २ मिलिसेकंद भागिले १९, ५/३ घात, ०.०२४. त्याचा स्ट्रेल ०.९८. तुझं ०.९७ इथूनच आलंय. तुझा कोड चुकलेला नाही, तो तू विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतोय. फक्त तो प्रश्न खऱ्या हवेचा नाही.

ठिपके वाढव, एका ॲक्च्युएटरमागं निदान ८. मग उशीर दोन फ्रेमचा कर. सेन्सरमध्ये फोटॉनचा गोंगाट घाल. सुरुवातीच्या काही शे फ्रेम सरासरीत धरू नको, कारण मोजणं-दुरुस्त करणं हे चक्र (लूप) सुरू होऊन आरसा जागेवर यायला वेळ लागतो. आणि यादृच्छिक बीज बदलून निदान दहा वेळा चालव; एका हवेवर आलेला आकडा हा त्या एका हवेचा असतो. प्रत्येक गोष्ट एकेक करून घाल आणि दर वेळी स्ट्रेल किती उतरला ते लिहून ठेव. अशी वही तयार झाली तर ती पेपरपेक्षा मोलाची होईल. यंत्रणा बांधणारे लोक तिला एरर बजेट म्हणतात आणि रोज तिच्यावरच भांडतात.

मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. माझी शंका अशी की एवढी वर्षं संगणकावर हवा चालवण्यापेक्षा यंत्र बांधून बघावं. आणि बांधल्यावर ते सिम्युलेशनप्रमाणं चालतं का?
— निवृत्त शिक्षक, परभणी

सर, बांधून बघायला जी किंमत पडते तिचा अंदाज एका आरशावरून येईल. युरोपच्या ३९ मीटर दुर्बिणीतला एम-४ हा लवचीक आरसा २.४ मीटर रुंद आहे, जाडी २ मिलिमीटरहून कमी, सहा पाकळ्यांत केलेला, आणि त्यामागं ५००० हून जास्त ॲक्च्युएटर. असा आरसा जुळत नाही म्हणून दुसरा करू, असं म्हणता येत नाही. ॲक्च्युएटर किती, लेझर किती, सेन्सर किती वेगाचा, हे सगळं बांधण्याआधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं तर सिम्युलेशनशिवाय मार्ग नाही.

लेझरचं उदाहरण घ्या. तेजस्वी तारा जवळ नसेल तर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात लेझरनं कृत्रिम तारा पेटवतात. पण तो तारा जवळ असल्यामुळं त्याचा प्रकाश शंकूसारखा खाली येतो. १० किलोमीटर उंचीवर ३९ मीटरच्या दुर्बिणीला खऱ्या ताऱ्याचा झोत ३९ मीटर रुंद मिळतो, लेझरचा मात्र ३४.७ मीटर. कडेची हवा मोजलीच जात नाही. म्हणून अनेक लेझर वेगवेगळ्या दिशांना लावून मधली हवा गणितानं उभी करावी लागते. तुमचा विषय इथं येतो. अशा दुर्बिणीत एका सेन्सरची सुमारे ५००० घरं, १०,००० उतार आणि ५००० ॲक्च्युएटर धरले तर मॅट्रिक्समध्ये ५ कोटी आकडे होतात. सहा लेझर धरले की ३० कोटी. सेकंदाला १००० वेळा ती मॅट्रिक्स गुणायची म्हणजे सेकंदाला ३० हजार कोटी गुणाकार, आणि सिम्युलेशनमध्ये त्यावर हवा आणि सेन्सरची चित्रं वेगळी. म्हणून फ्रान्समध्ये लिहिलेलं 'कंपास' ग्राफिक्स कार्डांवर चालवतात.

सिम्युलेशन खरं ठरतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका घटनेनं देते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. चिलीतल्या पारानालच्या ८ मीटर दुर्बिणीवर स्फिअर नावाचं उपकरण बसवलं, त्यात ताऱ्याचा पहिला प्रकाश आला मे २०१४ मध्ये. परग्रहांचे थेट फोटो काढायला केलेलं हे उपकरण अंदाजाप्रमाणं उत्तम चाललं. मात्र हवा सर्वांत शांत असे, वारा जवळजवळ पडलेला असे, नेमक्या त्याच रात्री ताऱ्याच्या प्रतिमेचे दोन-तीन तुकडे व्हायला लागले. तिथल्या लोकांनी त्याला मिकी माऊस असं नाव दिलं. शांत रात्री सिम्युलेशनप्रमाणं सर्वांत चांगल्या असायला हव्या होत्या.

कारण निघालं ते दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या पातळ लोखंडी पात्यांत. मोकळ्या आभाळाखाली ती पाती उष्णता वर फेकून हवेपेक्षा थंड होतात. आपल्याकडं हिवाळ्यात पत्र्यांवर दव पडतं ते याच कारणानं. वारा असला की ती हवेच्या तापमानावर राहतात. वारा पडला की पात्याच्या एका बाजूची हवा गार होते, दुसऱ्या बाजूची नाही, आणि वेव्हफ्रंटमध्ये पात्याला लागून पायरी तयार होते. शॅक-हार्टमन सेन्सर उतार मोजतो, पायरी त्याला जवळजवळ दिसतच नाही. आरशानं ती दुरुस्त करायचा प्रश्नच येत नाही. कोल्मोगोरोव्हच्या हवेत अशी पायरी नसते, म्हणून आधीच्या कुठल्याही सिम्युलेशनमध्ये ती आली नव्हती. २०१७ मध्ये पात्यांना उष्णता कमी सोडणारं आवरण चढवलं आणि त्रास बराच कमी झाला. आता ३९ मीटरच्या दुर्बिणीचं काम करणारे लोक ही पायरी मुद्दाम हवेत घालून तपासतात, कारण तिथं पाती जाड आहेत आणि आरसाही सहा पाकळ्यांचा आहे.

सर, माझं मत असं आहे: सिम्युलेशन भविष्य सांगत नाही. आपल्याला ठाऊक असलेली कारणं एकत्र आली तर काय होईल, एवढंच ते सांगतं. खरं यंत्र त्याहून वाईट चाललं तर मधल्या फरकाचं कारण शोधता येतं, कारण बाकीचं सगळं आधीच मोजून बाजूला ठेवलेलं असतं. सिम्युलेशन नसतं तर शांत रात्रीचे ते तुकडे 'आज हवा खराब' म्हणून वहीत नोंदले गेले असते.

हे शिकून भारतात काम मिळतं का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वसमत

मिळतं, जागा थोड्या आहेत. ३० मीटरच्या टीएमटी दुर्बिणीच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याचं आयुका आणि नैनितालचं एरीज या तीन संस्था त्यात आहेत. टीएमटीच्या पहिल्या ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स यंत्रणेत सहा लेझर आणि दोन लवचीक आरसे असणार आहेत. आयुकानं कॅलटेकबरोबर केलेली रोबो-एओ ही स्वयंचलित यंत्रणा २०११ मध्ये पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीवर बसवली गेली. लवचीक आरसे आणि वेव्हफ्रंट सेन्सर डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायलाही लागतात, तिकडंही वाट आहे.

बी.एस्सी.च्या वर्षांत रेषीय बीजगणित आणि फूरिए रूपांतर पक्कं कर, पायथॉन शिक. वसमतहून औंढा जवळ आहे. लायगोमध्येही आरसे, लेझर, गोंगाट आणि फीडबॅकची लूप हेच विषय आहेत, आणि गेन किती ठेवायचा याचं गणित तिथंही तेच लागतं. वरचं लातूरचं उत्तर वहीत स्वतः सोडवून बघ. ८ मीटरच्या जागी देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण घे, सीइंग आणि ॲक्च्युएटरचं अंतर तेच ठेव, आणि फिटिंगच्या चुकीवर काय परिणाम होतो ते मला कळव.